तऱ्हाळ्याची नाणी, खिनखिनीचे देव

वऱ्हाडी माणूस नागपूरला जातो तो हायकोर्टाच्या, दवाखान्याच्या, नाहीतर लग्नाच्या कामाने. काम आटोपलं आणि परतीच्या गाडीला वेळ असला, तर पोरांना घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात एक चक्कर होते. पोरं पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी रेंगाळतात, मोठी माणसं तलवारी पाहतात. मूर्तींच्या दालनात पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात.

मी आता उलट क्रमाने जायचं ठरवलं आहे. मूर्तीआधी तिच्याखालची चिठ्ठी वाचायची, आणि चिठ्ठीतही ‘प्राप्तिस्थान’ ही ओळ आधी.

अजब बंगला म्हणजे सरकारदरबारी मध्यवर्ती संग्रहालय. स्थापना 1863 ची. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात ते उभं राहिलं. नागपूर परिसरातले दगड, जीवाश्म आणि गोंडांची भाषा यांच्या मागे लागलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी टाकळघाटकडची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांची टिपणं टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. ‘अजायबघर’ हा शब्द लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ झाला असावा. पाटीवरच्या नावापेक्षा हेच मला बरं वाटतं. जिथे सातवाहन राजा कुंभ शातकर्णीचं नाणं आणि पेंढा भरलेला वाघ एका छपराखाली राहतात, त्या घराला दुसरं काय म्हणायचं?

पण वऱ्हाडच्या वस्तू इथे का? वऱ्हाड निजामाचं. 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आलं, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिलं, आणि 1903 पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. कचेरी नागपूरला, म्हणून फायली नागपूरला, आणि अकोला-अमरावतीच्या मातीतून निघालेलं बरंचसं त्याच वाटेने नागपूरला. यात कुणी काही पळवलं नाही. त्या काळी नागपूरला पोचलं म्हणूनच त्यातलं पुष्कळ वाचलं, हेही खरं.

मूर्तिजापूर तालुक्यातलं राजनापूर खिनखिनी घ्या. पऱ्हाटीच्या मुलखातलं साधं गाव. तिथे जैन धातुमूर्तींचा साठा सापडला आणि तो या संग्रहालयात आला. पश्चिम भारतातल्या जैन धातुशिल्पांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या लेखनात खिनखिनीचं नाव हमखास येतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर मात्र ते फक्त एसटीच्या बोर्डावर दिसायचं. अशा साठ्यात तीर्थंकर असतात, त्यांच्या यक्ष-यक्षिणी असतात. अंबिका ओळखायला सोपी: आंब्याची डहाळी, जवळ मूल आणि सिंह. आपल्याकडच्या बाया तिला देवीच समजून हात जोडतील, आणि त्यात फारसं चुकणारही नाही.

खिनखिनीपेक्षा माझा जीव जास्त अडकतो तो तऱ्हाळ्यात. मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावी 1939 मध्ये नाण्यांचा मोठा साठा निघाला. एक हजाराहून अधिक नाणी, सगळी सातवाहनांची, आणि त्यात ना सोनं ना चांदी. पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं असल्या मिश्र धातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मीत राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेच्या टोकांना चार गोळे, ज्याला नाण्यांचे जाणकार उज्जैन चिन्ह म्हणतात. नाव कडेने असल्यामुळे ठसा जरा सरकला की अक्षरं नाण्याबाहेर. एका नाण्यावर अर्धं नाव, दुसऱ्यावर उरलेलं, अशी जुळवाजुळव करत वाचायचं.

हे वाचन केलं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी. पुढे ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. पुळुमावी, यज्ञ शातकर्णी ही नावं ओळखीची होती. पण तऱ्हाळ्याच्या नाण्यांवर कुंभ, कर्ण, शक अशीही नावं त्यांना मिळाली, आणि ती पुराणांतल्या वंशावळीत नव्हती. पोथ्या ज्यांना विसरल्या ते राजे मंगरूळपीरच्या मातीने सांभाळले होते.

अशा ठेव्याची किंमत किती? 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबात कुंभ शातकर्णीचा भाव कथलाचा, वर वीस टक्के! ज्याच्या वखराला गाडगं लागलं त्याला कळवण्याचा उत्साह कुठून यावा? मोडीत गेलेल्या साठ्यांची मोजदाद कुणाकडे असणार?

आणि साठा मोडीत गेला नाही, नुसता वाटला गेला, तरी घात होतो. गावाचं नाव सुटलं की नाणं कुठल्याही सातवाहन नाण्यासारखंच एक होतं. ते कुणाच्या मुलखात चालत होतं, कुणाच्या शेजारी पुरलं होतं, हे मग कळत नाही. ‘प्राप्तिस्थान’ची ओळ मी आधी वाचतो ती यासाठी. ती ओळही जुनी होते. छापील साहित्यात तऱ्हाळा अजून ‘जि. अकोला’, 1998 मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि तऱ्हाळा तिकडे गेलं.

अकोला, अमरावती, वाशीमच्या शाळांनी सहल काढली तर पोरांना वाघ जरूर दाखवावा. मग प्रत्येकाला एक वही देऊन आपल्या तालुक्याचं नाव कुठे लिहिलेलं सापडतं ते शोधायला लावावं. आणि यंदा नांगरटीत कुणाच्या शेतात गाडगं लागलं, तर सोनाराकडे जाण्याआधी तहसिलीत जावं. गाडगं फोडू नये, नाणी चिंचेने घासू नयेत, आणि शेताचा गट नंबर लिहून ठेवावा.