शेरणी, वाळुंज आणि पोकलेन

वाळुंज आडनावाचं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. पुरंदर तालुक्यात या नावाचं गावही आहे. वाळुंजाचं झाड दाखवा म्हटलं, की मात्र भलेभले गप्प होतात. आणि तो चक्क विलो आहे, म्हणजे काश्मिरी बॅट ज्या लाकडाची होते त्याचा भाऊबंद, हे सांगितलं तर लोकांना थट्टाच वाटते. विलो आपल्याकडे फक्त पॅव्हेलियनमधून मैदानात येतो अशी आपली समजूत आहे.

सॅलिक्स या प्रजातीत जगभरात चारशेच्या आसपास जाती आहेत. बहुतेक सगळ्या थंड मुलखातल्या. महाराष्ट्रात रानटी म्हणावी अशी एकच, ती ही. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा असं ठेवलं. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचा. महाबळेश्वर परिसरात ओढ्याकाठी, पाणथळीला हा दिसतो. सालीला उभ्या खोल भेगा, पानं भाल्याच्या पात्यासारखी, आठ ते पंधरा सेंटीमीटर लांब, आणि कोवळी असताना रेशमासारखी मऊ. नर झाड वेगळं, मादी वेगळी. वाळुंजाचं वेळापत्रक मात्र जगावेगळं आहे. पावसाळा सरता सरता, भोवतालचं रान अजून हिरवंगार असताना, हा पानं गाळून मोकळा होतो. मग नवी पालवी येते आणि तिच्यामागून फुलांचे लांबट तुरे. बी अगदी बारीक, कापसाला चिकटून वाऱ्यावर जाणारं. त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे ओली, उघडी, गाळाची जमीन लगेच मिळाली तर ठीक, नाहीतर बी फुकट. अशी जमीन तयार करतो पूर.

ज्या पुराला आपण घाबरतो, त्याच्या भरवशावर ओढ्याकाठच्या झाडांची वस्ती उभी आहे. या लेखात एवढंच सांगायचं आहे.

कुंभार्ली घाट उतरून कोकणात आलं, की गोट्यांनी भरलेले ओढे लागतात. इकडे त्यांना पऱ्ह्या म्हणतात, तळकोकणात व्हाळ. तिथे वाळुंजापेक्षा शेरणीचं राज्य. शास्त्रीय नाव होमोनोइया रिपारिया. विलोशी नातं नाही, ही एरंडाच्या कुळातली; पण राहणी हुबेहूब तीच. एका झुडपापाशी मी बराच वेळ बसलो होतो. छातीभर उंच, दोन धोंड्यांच्या फटीत रुतलेलं, सगळ्या फांद्या प्रवाहाच्या दिशेला कललेल्या, पाणी घोट्याएवढंसुद्धा नसताना. पान अरुंद, कण्हेरीसारखं. रानकण्हेर हे तिचं दुसरं नाव त्यामुळेच. पान उलटं केलं तर मागे बारीक खवल्यांची रुपेरी झाक. फांदी वाकवत वाकवत जमिनीला टेकवली, तरी मोडली नाही. सोडली तशी सपकन उठली. झुडपाच्या शेंड्याला वाळकं गवत, बांबूची चिंबलेली काटकी आणि गुटख्याची पुडी अडकलेली. म्हणजे श्रावणात या शेंड्यावरून पाणी गेलं होतं. मूळ उपटून बघायचा मोह झाला. धोंडा हलला, मूळ नाही.

अशा झाडांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. वेगवान प्रवाहाच्या पात्रात, पुराच्या रेषेच्या आत राहणाऱ्या वनस्पतींना व्हान स्टीनिस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने एकत्र आणलं. जगभरातल्या अशा वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १९८१ साली निघालं. लक्षणं बघा: अरुंद पान, चिवट लवचीक फांदी, खडकात घुसणारं मूळ. तुकोबांमुळे आपल्याला पुरात तगणारी म्हणून लव्हाळीच आठवते. पण लव्हाळी गवतासारखीच आहे. शेरणी लाकडाची आहे आणि तरी वाकते, हे मला अधिक अवघड काम वाटतं.

पात्रातून काठाकडे चालत गेलं तर वस्ती टप्प्याटप्प्याने बदलते. धारेतल्या उघड्या कातळावर शेवाळासारखी दिसणारी, पण खरं तर फुलझाडं असलेली पोडोस्टेमेसी कुळातली मंडळी. मग गोट्यांत शेरणी आणि तिच्या जोडीला रोटुला. दक्षिणेकडे मूतखड्यावरचा पाषाणभेद म्हणून हीच देतात. थोडं वर, गाळ धरलेल्या जागी, वाळुंज आणि पाणजांभूळ. या पाणजांभळाचं शास्त्रीय नावच सॅलिसिफोलियम, विलोच्या पानाचं. त्यामागे निर्गुडी, करंज, उंबर, आणि मग रान.

वाळुंजाच्या पानांवर कॉमन लेपर्ड या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. याच अळ्या तांबटाचीही पानं खातात. तांबट पूर्वी वेगळ्या कुळात धरला जाई. डीएनएचे अभ्यास झाल्यावर त्याला उचलून वाळुंजाच्या कुळात बसवलं. फुलपाखराला हे आधीपासून ठाऊक होतं.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताची फ्रंट रेंज मैदानात उतरते, तिथल्या ओढ्यांना कोयोटी विलोची दाट झुडपं असतात; सोबतीला अल्डर, बर्च, चोकचेरी आणि कॉटनवुड. तिथला पूर मुख्यतः वितळलेल्या बर्फाचा, मे-जूनमधला. पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, त्याच सुमारास बी उडतं. रोपाचं मूळ उतरत्या पाण्याचा पाठलाग करत खाली जातं. विलोच्याच कुळातल्या कॉटनवुडवर झालेल्या अभ्यासांनुसार पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा वेगाने उतरलं, तर रोप मागे पडतं आणि वाळतं. धरणाचे दरवाजे कुणी कसे हलवतो यावर झुडपाचं बाळंतपण अवलंबून असतं, ते असं. या झुडपांत शरीराहून लांब शेपटीचा, उड्या मारणारा प्रेबल उंदीर राहतो. १९९८ साली त्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातलं, आणि मग त्या मूठभर जिवावरून कोर्टकज्जे झाले.

तिथेही पूर माणसं मारतो. ३१ जुलै १९७६ च्या रात्री बिग थॉम्पसन नदीच्या दरीत १४४ माणसं गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये तोच पट्टा पुन्हा झोडपून निघाला. त्यानंतर काठ सावरताना ठिकठिकाणी विलोच्या काठ्या तोडून ओल्या गाळात ठोकल्या गेल्या. कारण काठीला मुळं फुटतात, मुळं माती धरतात, झुडपात पाण्याचा वेग मंदावतो आणि नवा गाळ तिथेच बसतो. धडपड करून, पैसे मोजून लावलेली झुडपं ती.

आपल्याकडे २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पुढे वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम निघालं, आणि शहरातून जाणाऱ्या तुंबलेल्या पात्राचा गाळ काढायला माझी मुळीच हरकत नाही. तिथे पाणी वाहून जाणं महत्त्वाचं, अडणं नव्हे. माझी तक्रार वरच्या ओढ्यांबद्दल आहे. खोलीकरण-रुंदीकरणाच्या नावाखाली पोकलेन घाटाखालच्या पऱ्ह्यात उतरतो, आणि दोन दिवसांत ओढ्याचं गटार होतं: सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मातीचे ढिगारे. मी पाहिलेल्या एका कामात शेरणीचा पट्टाच्या पट्टा ‘काडीकचरा’ म्हणून ट्रॉलीत भरला. पुढच्या पावसात ते मोकळे ढिगारे पुन्हा पात्रात. मग पुन्हा गाळ, पुन्हा पोकलेन. कंत्राटदाराच्या दृष्टीने हे जलचक्र निर्दोष आहे.

वाशिष्ठीची गोष्ट आणखी गुंत्याची. कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला सोडता येतं, ते कोळकेवाडीमार्गे हिच्यात येतं. शेजारचे पऱ्ह्ये उन्हाळ्यात आटून नुसत्या कोंडी उरतात, वाशिष्ठी मात्र वाहती. पावसाचा पूर आणि वीजघराचं पाणी ही दोन घड्याळं एकाच पात्रात चालतात. शेरणीने कोणत्या घड्याळाने फुलायचं, हा अभ्यासाचा विषय आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या चिपळूणकराने तो उचलावा.

शेरणी काय, वाळुंज काय, दोन्ही फांदीपासून लागतात. रोपवाटिका नको, टेंडर नको. कोयता आणि ओली जागा पुरे. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा ओढ्यांचं पाणी उतरलेलं असेल आणि मातीत ओल असेल. दिवाळीला गावी गेलात तर फराळानंतर ओढ्यापर्यंत जाऊन या. वाळुंज कदाचित निष्पर्ण दिसेल. वाळला समजून तोडू नका.