शंकरपट : श्रमाची परीक्षा आणि शर्यतीचा इतिहास

सुगी संपून शेते मोकळी झाली, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास विदर्भातील गावोगावी बैलांच्या ज्या वार्षिक शर्यती भरतात, त्यांस शंकरपट अशी संज्ञा आहे. यवतमाळ जिल्हा व त्याच्या भोवतालचा प्रदेश या प्रथेचे एक प्रमुख क्षेत्र होय. हलक्या छकडीस बैलांची एक जोडी जुंपावयाची, तीवर एकच धुरकरी बसावयाचा आणि ठराविक अंतर कमीत कमी वेळात कापावयाचे, हे या शर्यतीचे सर्वसाधारण रूप. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारच्या दोन धावपट्ट्यांवरून एकदम सोडतात, तर काही ठिकाणी प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे धावते आणि निर्णय घड्याळ देते. पुणे जिल्ह्यातील गाड्यापुढे घोडी धावते. शंकरपटात तसे काही नसते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडच पडून गेलेली आहे.

या शर्यतीकडे केवळ करमणूक म्हणून पाहिल्यास तिचा इतिहास नीट उलगडत नाही. शंकरपटाचा बैल हा मुळात काम करणारा बैल होता, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. १९०५ पर्यंत वणी या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा कापसाचा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, तरी यवतमाळ शहर त्यावर नव्हते. धामणगाव हे त्याचे जवळचे स्थानक. तेथवर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर कापूस वाहून नेण्याचे काम बैलगाडीचेच होते. यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंदमापी मार्ग पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आला. अशा प्रदेशात चपळ जोडी ही शेतकऱ्याची प्रतिष्ठा तर होतीच, पण तिला बाजारात मोलही होते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ जात याच गुणाकरिता जोपासली गेली. मराठ्यांच्या फौजांची जलद वाहतूक या जातीच्या बैलांनी केली, असे तिच्या इतिहासात नोंदले आहे. पटावरची धाव म्हणजे अशा बैलाच्या वर्षभराच्या कामाची जाहीर परीक्षा होती. पोळ्याला त्याची पूजा आणि सुगीनंतर त्याची परीक्षा, ही दोन्ही एकाच कृषिवर्षाची अंगे होत.

काम आणि शर्यत यांचा संबंध तुटल्यावर काय घडते, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील ताजी कुत्र्यांच्या, म्हणजे ग्रेहाउंडांच्या, शर्यतीचे उदाहरण उद्बोधक आहे. शिकारी कुत्र्यांची परीक्षा जिवंत सशामागे सोडून घेण्याची तेथील रीत जुनी. लँकेशायरमधील ‘वॉटर्लू कप’ ही तिची सर्वांत मानाची वार्षिक स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली. पुढे १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशामागे कुत्री धावविण्यात आली. १९२६ मध्ये हा प्रकार मँचेस्टरला आला आणि १९२७ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ‘इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी’ सुरू झाली. ससा वाचला, परंतु शिकारीशी असलेला कुत्र्याचा संबंध संपला. कुत्रा केवळ धावण्यासाठी आणि पैजेसाठी पैदा होऊ लागला आणि धाव संपलेल्या कुत्र्याचे पुढे काय करावयाचे, हा नवा प्रश्न उभा राहिला. वॉटर्लू कप मात्र शिकारबंदीच्या कायद्यामुळे २००५ नंतर भरला नाही.

आपल्याकडे कायद्याचा क्रम निराळा झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याच्या आधारे केंद्र शासनाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू व बैलगाडी शर्यती दोन्ही निषिद्ध ठरविल्या. बैलाची शरीररचना शर्यतीस अनुकूल नाही आणि तो धावतो तो भयाने व वेदनेने, हा त्या निर्णयातील कळीचा मुद्दा होता. कुत्रा सावजामागे स्वभावतः धावतो. बैलाला मात्र कोणीतरी धावावयास लावावे लागते. तुतारी टोचणे, शेपूट पिरगाळणे या प्रकारांवरील आक्षेप येथूनच निघतो. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने व अटींवर शर्यतींस वाट दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अशी परवानगी देण्यास मनाई केली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी राज्याने तज्ज्ञांचा अहवाल तयार करविला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर पट पुन्हा भरू लागले. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरच्या विख्यात शंकरपटात तर स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरतात.

परंतु बंदीच्या या वर्षांत बैलाचे स्थानच पालटत होते. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवर्गीय नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटून ४.७४ कोटींवर आली. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली, वाहतूक तर त्याआधीच गेली होती. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे काम न उरलेल्या बैलाचा भार मालकावरच राहतो. पटाकरिता स्वतंत्र पोसलेली, शेतीला न जुंपलेली जोडी आता अपवाद राहिलेली नाही.

शर्यतीमुळे देशी वंश टिकतो, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. जे उपयोगी असते तेच पोसले जाते, आणि धाव हाही एक उपयोगच आहे. तथापि धाव ही निवडक जोड्यांची असते. त्यांच्यामागे राहिलेल्या बैलांना ती आश्रय देत नाही. किंबहुना ज्या जातीची निवड केवळ काही सेकंदांच्या वेगासाठी होते, तिच्यातील ओढशक्ती, सोशिकपणा व शांत स्वभाव हे गुण मागे पडण्याचा संभव असतो. ग्रेहाउंडाच्या इतिहासाचा बोध हाच.

कायद्याने पटाच्या दिवसाची व्यवस्था लावली आहे. उरलेल्या वर्षाची लावलेली नाही. शंकरपटाच्या अभ्यासकाने विजयी जोडीचा वेळ अवश्य नोंदवावा. परंतु ती जोडी पटापूर्वी कोणते काम करीत होती आणि पटानंतर कोणाच्या गोठ्यात राहिली, याचीही नोंद ठेवावी. या प्रथेचे भवितव्य त्या दुसऱ्या नोंदीतच दिसेल.