किशोरवयीन मुलांना बोलू द्या

‘बोलणाऱ्याची बोरे विकतात’ ही म्हण आम्हां व्यापाऱ्यांच्या तोंडी नेहमीची. तथापि आपल्याच घरांतील चौदा-पंधरा वर्षांची मुले परक्या माणसासमोर खाली मान घालून उभी राहतात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. लामता येथील बाजारात मुलांच्या कानांवर हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी अशा कितीतरी बोली पडतात. त्यांस शब्दांची वाण नाही. वाण आहे ती संधीची. शेतकरी धानाचा नमुना घेऊन पेढीवर येतो, मुलास काही विचारतो आणि उत्तर मात्र वडीलधारी मंडळीच देऊन मोकळी होतात.

वक्तृत्व ही जन्मजात देणगी होय, अशी अनेकांची समजूत आहे. महात्मा गांधींचे चरित्र निराळेच सांगते. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. १८९३ साली प्रिटोरिया येथे हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत मात्र ते निर्भयपणे बोलले. विषय होता व्यापारातील सचोटी. सांगण्याजोगे काही मनापासून पटले म्हणजे संकोच आपोआप मागे पडतो, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत खेडोपाडी प्रवास केला व शेतकऱ्यांशी बोलण्याची कला कमावली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत. ज्या मुलांस समाजाने मागे बसविले होते, त्यांस भाऊरावांनी नुसता उपदेश केला नाही, तर काम सोपविले. स्वतःच्या हातांवर विश्वास बसला म्हणजे वाणीसही बळ येते.

हाच मार्ग आपल्या पेढीवर अवघड नाही. मुलाने अथवा मुलीने आठवड्यातून एक दिवस गिऱ्हाइकाशी स्वतः बोलावे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्याचा सुवास, त्याचा दाणा, त्याची किंमत अधिक का, हे बाहेरगावच्या व्यापाऱ्यास त्यांनीच समजावून द्यावे. चूक झाली तर ती गिऱ्हाइकादेखत दुरुस्त न करता मागाहून एकांतात सांगावी. ठाऊक नसेल तेथे ‘विचारून सांगतो’ म्हणण्यात कमीपणा नाही, हेही शिकवावे. रात्री जेवताना दिवसाची हकीकत मुलांकडून ऐकावी आणि त्या वेळी भ्रमणध्वनी दूर ठेवावा.

उद्या हीच मुले शिक्षणासाठी गोंदिया, नागपूर, जबलपूर येथे एकटी राहतील. ज्यास भाव सांगण्याचे धैर्य नाही, तो आपली अडचण वा दुःख तरी कोणास सांगणार? मुक्या संकोचाची हानी कोणत्याही खातेवहीत लिहिली जात नाही. पण ती तुटीहून जबर असते. म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी प्रश्न मुलास विचारला गेला, तर क्षणभर आपण थांबावे.