विश्लेषण : हौशी सीएनसी मशीनसाठी मोटर आधी की स्क्रू?

उल्हासनगरचा फर्निचर बाजार आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती यांमुळे या पट्ट्यात यंत्रांची जाण असलेल्यांची कमी नाही. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी तर १९५३ पासूनची. नावाच्या पाट्या किंवा देव्हाऱ्याची जाळी कापणारे छोटे सीएनसी राऊटर घरीच जोडायचे, तर पैसे आधी मोठ्या मोटरवर जातात आणि स्क्रू मिळेल तो घेतला जातो. हिशेब याच्या उलट हवा.

‘नेमा २३’ म्हणजे मोटरची ताकद का?

नाही. तो मोटरच्या पुढच्या चौकोनी बाजूचा आकार आहे : २.३ इंच, म्हणजे साधारण ५७ मिमी. याच आकारात वेगवेगळ्या टॉर्कच्या मोटरी मिळतात. त्यांचा ‘होल्डिंग टॉर्क’ मोटर थांबलेली असतानाचा असतो. वेग वाढला की स्टेपर मोटरचा टॉर्क घटतो. त्यामुळे खरेदीपूर्वी वेग-टॉर्कचा आलेख पाहावा.

स्क्रूमुळे काय बदलते?

स्क्रूच्या एका फेऱ्यात नट जितका सरकतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. समजा, हव्या त्या वेगाला मोटर १ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ८ मिमी लीडच्या साध्या स्क्रूची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर सुमारे ३२ किलोचा जोर मिळतो. ५ मिमी लीडच्या बॉल स्क्रूची ९० टक्के धरली, तर त्याच मोटरकडून सुमारे ११५ किलो. पण ६०० आरपीएमला पहिल्यावरचा नट मिनिटाला ४.८ मीटर सरकतो, दुसऱ्यावरचा ३ मीटर.

मग बॉल स्क्रूच घ्यावा का?

सरसकट नाही. बॉल स्क्रू उलटाही सहज फिरतो. वीज गेली तर उभ्या अक्षावरचे जड स्पिंडल खाली घसरू शकते. तिथे ब्रेक किंवा कमी लीडचा साधा स्क्रू बरा. एमडीएफचा बारीक भुसा बॉल स्क्रूच्या नटमध्ये जातो आणि पावसाळ्यात स्क्रूवर गंज चढतो. त्यामुळे झाकण आणि तेल-ग्रीस हवेच. लांब, बारीक स्क्रू वेगात फिरताना थरथरतो. लांबी दुप्पट झाली की सुरक्षित वेग चौथाईवर येतो.

हिशेब चुकला तर?

साधी स्टेपर मोटर जोर कमी पडला की पावले चुकवते, पण कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो. तो पुढचे सगळे काम सरकलेल्या जागी कापत राहतो आणि प्लायवूड वाया जाते. म्हणून गरजेच्या दुप्पट टॉर्क हाताशी ठेवावा. ड्रायव्हरच्या मर्यादेत राहून जास्त व्होल्टेजचा पुरवठा दिल्यास वेगातला टॉर्क टिकतो. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो.

क्रम कसा असावा?

काय कापायचे आणि किती वेगाने, हे आधी ठरवावे. त्यावरून स्क्रूची लांबी आणि लीड, मग मोटर, आणि मोटरला साजेसा ड्रायव्हर व वीजपुरवठा शेवटी.