ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा तुटलेला बोल्ट

गव्हाची मळणी ऐन भरात आली असता ट्रॅक्टरचा आवाज एकाएकी फाटतो, बॉनेटच्या बगलेतून धूर येऊ लागतो आणि पाहावे तो सायलेन्सर धरून ठेवणारा बोल्ट तुटलेला असतो. अशा वेळी सायलेन्सर तारेने आवळून काम पुढे रेटण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. भाराखाली चालणाऱ्या इंजिनाचा धूर ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्यातील जळते काजळीकण एरवी सायलेन्सरमध्ये बऱ्याच अंशी विझतात. सैल जोडाच्या फटीतून मात्र ते थेट बाहेर पडतात, आणि खळ्यावर सभोवार वाळलेल्या पेंढ्या व भुसाच असतो.

बोल्ट तुटण्याचे कारण बहुधा जुनेच असते. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर एकत्र करणारा नळ, बिडाचा असतो. रोज तापणे व निवणे, उघड्या धुराड्यातून शिरलेले पावसाचे पाणी आणि सुटलेल्या आधारपट्टीमुळे उभ्या सायलेन्सरला बसणारे हेलकावे यांमुळे बोल्ट गंजून आट्यांत घट्ट बसतो. पावसाळ्यात धुराड्यावर डबा पालथा घालण्याची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. फक्त इंजिन सुरू करण्यापूर्वी तो काढण्याची आठवण ठेवावी.

दुरुस्ती खळ्यापासून दूर आणि इंजिन पूर्ण निवल्यावरच करावी. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नये, ते तडकते. तुटका खुंट थोडा वर राहिला असल्यास गंज सोडविणारे तेल त्यावर सोडून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी हातोडीने हलके ठोके देऊन पकडीने तो थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा. येथे जोर कामाचा नाही. एकाच दिशेने नेट लावल्यास उरलेला खुंटही मोडतो व काम दुप्पट वाढते.

खुंट पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा उत्तम उपाय होय. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना लावण्यास धरही मिळतो. तत्पूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात व डिझेलची गळती नाही याची खात्री करावी. हेही न साधल्यास खुंटाच्या नेमक्या मध्यावर पंचाने खूण करून ड्रिल चालवावे. खूण बाजूला सरकली की ड्रिल पोलाद सोडून मऊ बिडात शिरते व आटे बिघडतात. खुंट काढण्याचा उलट्या आट्यांचा खिळा जपून वापरावा. तो इतका कठीण असतो की आत तुटल्यास साधे ड्रिल त्याला कापीत नाही. येथवर पाळी आल्यास कसबी फिटरकडे जाणेच स्वस्त पडते.

भोक मोकळे झाल्यावर आटे टॅपने साफ करावेत. नव्याने आटे पाडावयाचे झाल्यास ८ मिलिमीटरच्या सामान्य बोल्टासाठी ६.८ व १० मिलिमीटरच्या बोल्टासाठी ८.५ मिलिमीटरचे भोक लागते. गॅसकेट नवे घालावे. बोल्ट उष्णता सोसणारे व सारख्या मापाचे घ्यावेत आणि त्यांच्या आट्यांना तांब्याची भुकटी असलेले ग्रीस लावावे. ते आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. दोन-तीन तास काम झाल्यावर इंजिन निवू देऊन पुन्हा एकदा पाना फिरवावा व त्याच वेळी सायलेन्सरची आधारपट्टीही तपासावी.