हाताला येतं ते कागदावर कसं आणायचं?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एकांनी विचारलं, "सर, याचा आज उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक साधं उदाहरण घेऊ.

समजा, एक फिटर आहे. आयटीआयची दोन वर्षं, त्यानंतर कारखान्यात बारा वर्षं. त्याला जर्मनीत नोकरीसाठी जायचंय. काम त्याच्या हातात आहे, पण तो हात तिथल्या कचेरीला दिसत नाही. तिथे पोचतो तो कागद.

परदेशातलं व्यावसायिक शिक्षण तपासण्याचा कायदा जर्मनीत २०१२ पासून आहे. आपल्या अभ्यासक्रमाची तिथल्या तशाच व्यवसायाच्या प्रशिक्षणाशी तुलना होते. तिथलं प्रशिक्षण बहुधा तीन ते साडेतीन वर्षांचं, आपलं दोन वर्षांचं. म्हणजे फरक निघणार. पण हा फरक कामाच्या अनुभवानं भरून निघू शकतो, अशी सोय त्या कायद्यातच आहे.

आता खरा प्रश्न. अनुभव कळणार कशावरून? मालकाच्या पत्रावरून. म्हणजे शब्दप्रमाण! आणि नैयायिक काय सांगतात? शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तर. म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो.

आपल्याकडची पत्रं कशी असतात बघा. 'सदर इसम आमच्याकडे कामास होता. वर्तणूक चांगली.' यावरून कामाबद्दल काय कळलं? काहीच नाही. मीसुद्धा विद्यार्थ्यांना असली पत्रं वर्षानुवर्षं दिली. घाईत सही करून मोकळा झालो. आज त्याची लाज वाटते.

पत्रात हवं ते हे: कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की कसं, कोणती यंत्रं, ड्रॉइंग वाचून स्वतः काय काय केलं. आणि हे पत्र नोकरी सोडतानाच मागून घ्या. छोटे कारखाने बंद पडतात, मालक गावी जातात. मग कोणाकडे मागणार?

स्वतःचा दोष नसताना कागद मिळतच नसतील तर? त्यासाठीही एक वाट आहे. जाणकारांसमोर काम करून दाखवायचं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हे झालं प्रत्यक्ष.

मार्च २०२४ पासून आणखी एक मार्ग खुला झालाय. त्यात ही तुलना लागत नाही. आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार देणारी नोकरी पुरते. पण आयटीआयचा वेल्डर ट्रेड एकच वर्षाचा आहे. नुसत्या त्या प्रमाणपत्रावर हा मार्ग मिळत नाही. हे एजंटाच्या हातात पैसे ठेवण्याआधी कळलेलं बरं.

कोणी म्हणेल, दोन वर्षांचं प्रमाणपत्र विकत घेऊ. मंडळी, ज्याच्या हातात खरं ज्ञान आहे त्यानं खोटा कागद जोडला, की त्याच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून तुमच्यापैकी जे मालक आहेत, सुपरवायझर आहेत, त्यांना एवढंच सांगतो. उद्या कोणी पत्र मागायला आलं तर अर्धा तास द्या. तुमच्या चार ओळींवर त्याची बारा वर्षं उभी असतात.