पहाटेचा आकडा काय सांगतो?

दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करत असाल, तर सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी, पाणीसुद्धा न पिता, थर्मामीटर जिभेखाली धरायचा. तो, वही आणि पेन रात्रीच उशाशी ठेवून झोपावं. दूधवाल्याची बेल वाजली म्हणून दार उघडून आलात, तर त्या दिवसाचा आकडा भरवशाचा राहत नाही. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर घ्या, कारण टिपायचा तो फरकच मुळी ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसचा असतो.

बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीर किंचित तापतं. ही वाढ सलग ३ दिवस टिकली, तर बीजांड बाहेर पडून गेलं असं समजतात. ‘गेलं’ हा शब्द महत्त्वाचा. बीजांड जेमतेम १२ ते २४ तास जगतं, म्हणून आकडा चढल्यावर प्रयत्न सुरू केले तर बहुधा उशीर झालेला असतो. शुक्राणू मात्र ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. तेव्हा दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून बीजांड बाहेर पडण्याचा आपला दिवस ओळखायचा आणि त्याच्या आधीचे दिवस साधायचे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा स्राव ही त्या दिवसांची खूण.

ताप, जागरण, रात्रपाळी यांनी आलेख बिघडतो. त्यात तुमची चूक नसते. रोजच्या आकड्याने जीव टांगणीला लागत असेल तर वही खुशाल मिटा. वर्षभरात दिवस राहिले नाहीत (पस्तिशीपुढे सहा महिन्यांत), तर डॉक्टरांकडे जा, आणि दोघंही जा. तपासणी नवऱ्याचीही व्हायलाच हवी.